‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ : नाटकातला ‘तेरावा’ चित्रपटाने का गाळला?

रंगीत तालीम

नमस्कार. आमच्या हौशी नाट्यमंडळात अधूनमधून एखाद्या परभाषेतील नाटकाचे अभिवाचन होते आणि त्याआधी, त्या नाटकावरून चित्रपट निघालेला असल्यास, तो आम्ही एकत्र बसून पाहतो. या वेळी जोसेफ केसलरिंग यांचे ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ निवडले आहे. चित्रपट अर्थातच फ्रँक काप्रा यांचा, १९४४ साली प्रदर्शित झालेला. पुढे दोन्हींच्या शेवटाची चर्चा आहे. ज्यांनी काहीच पाहिले-वाचले नसेल त्यांनी आधी पाहून घ्यावे आणि मग या धाग्यावर यावे.

इतरांसाठी कथेची नुसती उजळणी करतो. ब्रुकलिनमध्ये दफनभूमीला लागून असलेल्या जुन्या घरात अ‍ॅबी आणि मार्था ब्रूस्टर या दोन अविवाहित, वयस्क आणि गल्लीभर नावाजलेल्या दयाळू बहिणी राहतात. खोली भाड्याने घ्यायला येणाऱ्या एकट्यादुकट्या, निराधार म्हाताऱ्यांना त्या एल्डरबेरीची घरगुती वाइन पाजतात आणि त्यांना ‘सुखाने’ मार्गस्थ करतात. त्यांचा एक भाचा टेडी स्वतःला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट समजतो आणि तळघरात पनामा कालवा खणतो. त्या खड्ड्यांत पीतज्वराचे बळी म्हणून ही माणसे पुरली जातात. दुसरा भाचा मॉर्टिमर नाट्यसमीक्षक आहे आणि नेमका लग्नाच्या दिवशी (नाटकात, लग्न ठरण्याच्या दिवशी) त्याला हा सारा प्रकार समजतो. तिसरा भाचा जॉनथन हा खराखुरा गुन्हेगार असून स्वतःचा एक मृतदेह बरोबर घेऊन तो त्याच संध्याकाळी घरी परततो.

नाटकाच्या शेवटी दोघी बहिणी स्वखुशीने वेड्यांच्या आश्रमात जायला तयार होतात, त्यांना न्यायला आलेले आश्रमाचे अधीक्षक विदरस्पून हे आपण एकटे आहोत, आपल्याला कोणी नाही, असे सहज बोलून जातात आणि दोघी त्यांच्यासमोर वाइनचा पेला धरतात. हल्ली ही वाइन दिसत नाही, आपण शेवटचा पेला केव्हाच घेतला असे वाटले होते, असे ते म्हणतात. तो पेला हातात देताना पडदा पडतो. चित्रपटात हे काहीच नाही. विदरस्पून सहीसलामत राहतात, आपण रक्ताने ब्रूस्टर नाही हे मॉर्टिमरला कळते आणि तो नववधूला खांद्यावर टाकून निघून जातो.

माझे दोन प्रश्न आहेत. एवढा नेमका, थंडगार शेवट हाताशी असताना तो का टाकून दिला असावा? आणि दुसरा प्रश्न असा की, केरी ग्रँटने मॉर्टिमरच्या भूमिकेत डोळे फिरवण्याचा आणि किंचाळण्याचा जो सपाटा लावला आहे, तो नाटकाचा पडद्यावर आलेला अवशेष समजायचा की दिग्दर्शकाची चूक? आमच्या मंडळात यावर सरळ दोन तट पडले आहेत.

डोअरकीपर

पहिल्या प्रश्नाचे सर्वांच्या जिभेवर असणारे उत्तर म्हणजे सेन्सॉर. हॉलिवूडमध्ये त्या वेळी निर्मितीसंहिता लागू होती आणि प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला झुकता कामा नये, असे तिचे पायाभूत तत्त्व होते. या कथेत तर सगळी सहानुभूतीच दोन खुनी आत्यांकडे जाते. त्या संहितेचा हात एका वाक्यावर तर उघडच दिसतो. नाटकात आपण ब्रूस्टर नाही हे कळल्यावर मॉर्टिमर आनंदाने ‘मी अनौरस आहे!’ असे ओरडतो, पण त्यासाठीचा इंग्रजी शब्द तेव्हा पडद्यावर उच्चारणे शक्यच नव्हते. म्हणून चित्रपटात तो ‘मी जहाजावरच्या आचाऱ्याचा मुलगा आहे!’ असे ओरडतो. मला तर बदललेले वाक्यच अधिक गमतीदार वाटते, कारण एखाद्याला आपला बाप आचारी निघाल्याचा एवढा आनंद झालेला मी दुसरीकडे कोठे पाहिलेला नाही.

तरीही शेवट बदलण्याचे संपूर्ण खापर सेन्सॉरवर फोडणे मला पटत नाही. नाटक १० जानेवारी १९४१ रोजी ब्रॉडवेच्या फुल्टन थिएटरमध्ये उघडले आणि ब्रॉडवेवर त्याचे एकूण १,४४४ प्रयोग झाले. निर्माते हॉवर्ड लिंडसे आणि रसेल क्राउझ यांनी चित्रपटाचे हक्क देताना अट अशी घातली होती की, ब्रॉडवेवरचे प्रयोग थांबल्याशिवाय चित्रपट प्रदर्शित करायचा नाही. त्यामुळे काप्रांनी १९४१ च्या अखेरीस चित्रीकरण आटोपले, पुढे अमेरिका युद्धात उतरल्यावर ते सैन्यात गेले आणि तयार चित्रपट १९४४ च्या सप्टेंबरपर्यंत कपाटात पडून राहिला. सांगायचे असे की, चित्रपट बनत असताना नाटक रोज रात्री भरल्या घरात चालू होते आणि पटकथाकार ज्युलियस व फिलिप एपस्टाइन यांना त्याची नक्कल करायची नव्हती. नाटकात केंद्रस्थानी आत्या आहेत. चित्रपटात ग्रँटसारखा नायक घेतल्याबरोबर केंद्र त्याच्याकडे सरकले. नाटकातला मॉर्टिमर अजून लग्न ठरवण्याच्याच टप्प्यावर आहे, तर चित्रपटातला पहिल्याच प्रसंगांत नोंदणी कार्यालयाच्या रांगेत उभा राहून एलेनशी लग्न करून मोकळा होतो, आणि तेही आयुष्यभर लग्नसंस्थेविरुद्ध पुस्तके लिहून. मग प्रेक्षक दोन तास ज्या जोडप्याचा मधुचंद्र लांबताना पाहत राहिले, त्यांना शेवटी ते जोडपेच हवे असणार. अनोळखी अधीक्षकाच्या हातातला पेला नव्हे.

विंगेतून

मी गेली बरीच वर्षे रंगमंच व्यवस्था सांभाळतो, त्यामुळे मला हे प्रकरण वेगळ्या बाजूने दिसते. या नाटकातले खरे मुख्य पात्र म्हणजे खिडकीलगतचा तो पेटीसारखा बाक. हॉस्किन्स नावाच्या गृहस्थाचा मृतदेह त्यात ठेवलेला असतो. का, तर रेव्हरंड हार्पर चहाला येणार होते आणि त्यांच्यासमोर तो तसा पडलेला दिसणे बरे दिसले नसते! रंगमंचावर हा बाक पडदा उघडल्यापासून प्रेक्षकांसमोर असतो, आणि एकदा आत काय आहे ते समजले की त्याच्यावर कोणी बसले, त्याच्याजवळून कोणी गेले, त्यावर कोणी चहाचा ट्रे ठेवला, तरी प्रेक्षागृहात हशा पिकतो. त्यासाठी नटाला वेगळे काही करावे लागत नाही.

कॅमेऱ्यापुढे ही सोय राहत नाही. चौकट आत्यांवर गेली की बाक दृष्टीआड होतो आणि प्रेक्षक त्याला विसरतो. मग त्या बाकाची आठवण सतत ताजी ठेवण्याचे काम कोणाच्या तरी चेहऱ्याला करावे लागते, आणि ग्रँट नेमके तेच करतो. तो क्षण पुन्हा एकदा पाहा. मॉर्टिमर आपली हस्तलिखिते शोधत असतो, सहज बाकाचे झाकण उचलतो, आत पाहतो, झाकण लावतो आणि दुसरीकडे शोधायला चालू लागतो. मग त्याचे पाय थांबतात, पण मान वळत नाही. नुसत्या पाठीवरून कळते की, डोळ्यांनी पाहिलेले आता कोठे डोक्यात शिरले. इथपर्यंत ते काम अव्वल आहे. पुढे मात्र तीच किल्ली तो वीस वेळा फिरवतो, हे मान्य करावे लागेल. स्वतः ग्रँटलाही आपले हे काम कधीच आवडले नाही, तेव्हा तुमच्या मंडळातल्या ‘अति झाले’ गटाला एक वजनदार मत मिळाले असे समजा.

जाता जाता एक अनुभव सांगतो. एका हौशी स्पर्धेत आमच्या नाटकातही पेटीत मृतदेह होता आणि मृतदेह झालेला मुलगा धुळीने शिंकला. त्यानंतर नाटक चाळीस मिनिटे चालले आणि त्या चाळीस मिनिटांत गंभीर म्हणून बसवलेल्या प्रत्येक वाक्याला लोक पेटीकडे पाहून हसले. त्या दिवशी मला कळले की, रंगमंचावरची वस्तू एकदा हसवू लागली की तिला कोणी थांबवू शकत नाही. काप्रांनी घरच्या एकाच दिवाणखान्याला शक्य तितके धरून ठेवले ते याच समजुतीने, असे मला वाटते. चित्रपटातली मधली जवळजवळ सगळी धावपळ त्या एका खोलीत, तिच्या जिन्यावर आणि तळघराच्या दारात आहे. तो जिना टेडीला रूझवेल्टच्या चढाईसाठी प्रसिद्ध असलेली सान हुआन टेकडी वाटतो आणि तलवार उपसल्याच्या थाटात तो ‘चढाई!’ म्हणत वर धावतो. तो प्रसंग रंगमंचावर जितका चालतो तितकाच पडद्यावरही चालला आहे, कारण तो मुळात पायऱ्यांचा विनोद आहे.

अंधारातला प्रसंगही असाच. नाटकात दिवे मालवले जातात आणि जॉनथन व त्याचा साथीदार डॉक्टर आइन्स्टाइन आपला मृतदेह, म्हणजे स्पेनाल्झो, खिडकीतून आत घेतात. पूर्ण काळोखात प्रेक्षकांनी फक्त ऐकायचे असते. छायाचित्रणकार सोल पोलिटो यांनी त्याचे सावल्यांत रूपांतर केले, म्हणजे काळोख कायम राहिला आणि तिकीटही वसूल झाले.

शब्दार्थी

वर ‘आत्या’ हा शब्द आला, त्याबद्दल थोडे लिहितो, कारण अभिवाचन मराठीत होणार असेल तर तो मुद्दा महत्त्वाचा आहे. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्यांना एकच शब्द पुरतो. मराठीत निवड करावीच लागते, आणि दोघींचे आडनाव ब्रूस्टर असल्यामुळे त्या आत्याच ठरतात. मावशी म्हटले तर नाटक कोसळेल. मॉर्टिमरची सारी भीती वडिलांच्या घराण्यातून उतरणाऱ्या वेडाची आहे. ‘आमच्या घराण्यात वेड धावते, नव्हे, चौखूर उधळते,’ असे तो एलेनला सांगतो. म्हणून आपण ब्रूस्टर नाही हे समजणे ही त्याच्यासाठी कलंकाची बातमी नसून सुटकेची आहे. आत्या या नात्यात माहेरचे रक्त आपोआप येते. तुम्हाला वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट वाइनच्या कृतीची. गॅलनभर वाइनमध्ये चमचाभर आर्सेनिक, अर्धा चमचा स्ट्रिक्निन आणि चिमूटभर सायनाइड, हे मार्था अशा सुरात सांगते की, तिच्यासमोर बसलेल्याने वहीत टिपून घ्यावे. मराठीत ‘चिमूटभर’ हा शब्द त्यासाठीच जन्माला आला असावा. तो वाचताना कृपया थांबू नका, डोळे मोठे करू नका, आवाज खाली नेऊ नका. मोरांब्याची कृती सांगताना वेलदोड्याचे जसे सांगतात तसेच हे सांगायचे. या दोघींना आपण वाईट काही करतो याची पुसटशीही जाणीव नाही आणि सगळा विनोद त्याच्यावरच उभा आहे. मृताची प्रार्थना, स्तोत्रे, यथासांग अंत्यविधी हे सर्व त्या मनापासून करतात. जॉनथनचा अनोळखी स्पेनाल्झो आपल्या सभ्य गृहस्थाच्या शेजारी पुरला जाणार म्हटल्यावर त्यांचा खरा संताप होतो.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. डोअरकीपर यांच्याशी मी निम्माच सहमत आहे. नायक मोठा झाल्यामुळे शेवट बदलला हे ठीक, पण त्या बदलात काय गेले ते आकड्यांत मोजता येते. आत्यांच्या बळींच्या संख्येवर दोघी बहिणींतच वाद आहे: एक म्हणते अकरा, दुसरी म्हणते बारा. पहिल्या मिडग्ली यांना धरायचे की नाही, एवढाच प्रश्न असतो, कारण ते बिचारे या घरात खुर्चीवर बसल्या बसल्या आपण होऊनच गेले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरची शांती पाहूनच या दोघींना पुढची कल्पना सुचली. जॉनथनचा हिशेबही असाच भांडणाचा आहे. तो तेरा म्हणतो, तर डॉक्टर बारावर अडून बसतात, कारण साउथ बेंडचा माणूस न्यूमोनियाने गेला होता. म्हणजे सामना बारा-बारा बरोबरीत सुटलेला असतो आणि शेवटचा पेला हा आत्यांचा विजयी तेरावा असतो. चित्रपटाने ही सगळी जुळवाजुळव, वाद आणि बरोबरी, जशीच्या तशी ठेवली आणि निकाल तेवढा काढून घेतला. मांडलेला हिशेब पुरा न करता वही मिटल्यासारखे मला तिथे दर वेळी वाटते. शिवाय मराठी कानाला ‘तेरावे’ या शब्दाचा जो अर्थ लागतो, तो तर बिचाऱ्या केसलरिंगच्या स्वप्नातही नसेल. तुमच्या अभिवाचनात तो फुकटात मिळणार आहे, तेव्हा सोडू नका.

डोअरकीपर

बरोबरीचा मुद्दा मान्य. तो माझ्या लक्षातच आला नव्हता. मात्र चित्रपटाचे एक देणे राहून गेले, ते येथे नोंदवतो.

जॉनथनची भूमिका ब्रॉडवेवर बोरिस कार्लॉफ करीत असे. हाच तो १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ मधला राक्षस. नाटकात जॉनथनने एका माणसाला केवळ यासाठी मारलेले असते की, तो म्हणाला, ‘तू बोरिस कार्लॉफसारखा दिसतोस.’ हे वाक्य खुद्द कार्लॉफच्या उपस्थितीत म्हटले जात असल्यामुळे प्रेक्षागृह रोज कोसळत असे. चित्रपटासाठी दोन आत्या करणाऱ्या जोसेफिन हल व जीन अडेर आणि टेडी करणारे जॉन अलेक्झांडर या तिघांना निर्मात्यांनी काही आठवड्यांची रजा दिली, पण तिकीटबारीचा आधार म्हणून कार्लॉफला सोडले नाही. त्यामुळे पडद्यावर रेमंड मॅसी याला तशी रंगभूषा करून उभे करावे लागले आणि तो विनोद चेहऱ्याच्या साम्यापुरता उरला. इथे नाटक निर्विवाद जिंकते. १९६२ साली दूरचित्रवाणीसाठी केलेल्या आवृत्तीत कार्लॉफ पुन्हा ही भूमिका करताना दिसतो, पण तोवर ती गंमत शिळी झाली होती.

याउलट चित्रपटाने जिथे बाजी मारली तो प्रसंग म्हणजे मॉर्टिमरचे खुर्चीला बांधले जाणे. डॉक्टर आइन्स्टाइन झालेला पीटर लॉरी त्याला सावध करू पाहतो, तर समीक्षक महाशय मात्र आपण पाहिलेले एक टुकार नाटक त्याला समजावून सांगू लागतात. त्या नाटकातला मूर्ख नायक म्हणे घरात खुनी आहे हे माहीत असूनही निवांत पाठमोरा बसतो, आणि मागून कोणी तरी पडद्याची दोरी तोडून त्याला बांधते. हे सांगताना तो स्वतः तसाच बसतो आणि मागून जॉनथन खरोखरच दोरी घेऊन येतो. रंगमंचावर तिघेही एकाच वेळी समोर असतात. चित्रपटात लॉरीचा चेहरा आपल्याला जवळून दिसतो. मॉर्टिमरच्या मागे काय चालले आहे ते त्याच्या डोळ्यांत दिसते, थांबवावे की थांबवू नये ही त्याची तगमग दिसते, आणि मित्राच्या धाकाने तो गप्प बसतो तेही दिसते. नंतर तोंडात बोळा कोंबलेल्या मॉर्टिमरला पोलीस शिपाई ओहारा आपल्या नव्या नाटकाचे कथानक तपशीलवार ऐकवतो. नाट्यसमीक्षकाला याहून कडक शिक्षा कोणी दिली असेल असे वाटत नाही. (स्पर्धेचे परीक्षक म्हणून बसलेल्यांना हा प्रसंग विशेष भावतो, असा माझा अनुभव आहे.)

रंगीत तालीम

सर्वांचे मनापासून आभार. विंगेतून यांचा बाकाचा मुद्दा वाचल्यावर चित्रपट पुन्हा लावला आणि या वेळी ग्रँटकडे न पाहता तो बाक चौकटीत केव्हा असतो आणि केव्हा नसतो, एवढेच पाहत राहिलो. बाक दिसत असेल तेव्हा ग्रँट तुलनेने शांत असतो, तो चौकटीबाहेर गेला की त्याचे डोळे फिरू लागतात, असे मला तरी बऱ्याच ठिकाणी आढळले. सगळीकडे नाही, मधल्या भागात तो कारणाशिवायही किंचाळतो. तेव्हा आमच्या दोन्ही तटांनी आपापली जागा न सोडता चहा घेतला.

शब्दार्थी, तुमच्या सांगण्यावरून मावशी खोडून आत्या केले. पहिल्या खर्ड्यात खरोखरच मावशी होते. कृतीचे वाक्य मंडळातल्या एका ज्येष्ठ ताईंना दिले आहे. त्यांनी ते एकदा वाचून दाखवले आणि मग अत्यंत गंभीरपणे विचारले की, सायनाइड आधी घालायचे की सर्वांत शेवटी. त्यांना आणखी तालमीची गरज नाही, असे सर्वानुमते ठरले.

शेवट नाटकाचाच ठेवतो आहोत. पेला विदरस्पून यांच्या हातात जाईल आणि तिथेच दिवे जातील. मूळ प्रयोगात पडदा पडल्यानंतर अभिवादनासाठी तळघराच्या दारातून सगळे मृत गृहस्थ ओळीने वर येत, असे वाचले आणि तेही करायचे ठरवले. अडचण एवढीच की, आमच्याकडे पुरुष सभासद सातच आहेत आणि त्यांतले तीन आधीच भाचे झालेले आहेत. विंगेतून, उरलेल्या चौघांना टोप्या बदलून तीनदा वर आणले तर पाहणाऱ्याला कळेल का?

विंगेतून

कळेल, आणि म्हणूनच हसतील. तिसऱ्या फेरीत त्यांना धापा टाकू द्या. फक्त तळघराचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे ठेवा आणि मागे उतरायला वेगळी पायरी द्या, नाहीतर वर येणारा आणि खाली जाणारा दारातच एकमेकांना धडकतील. धूळ मात्र आदल्या दिवशीच झाडून घ्या.